लिनक्सवर लॅपटॉपचा स्पीकर मुका झाला तर

विंडोजची सवय असली की आवाज गेल्यावर आपण आधी ड्रायव्हर डाउनलोड करायला धावतो. लिनक्सवर तो शोधत फिरू नका. साउंडचे ड्रायव्हर कर्नलसोबतच (म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासोबतच) येतात. आवाज कुठे अडकलाय ते शोधायचं. (खालच्या कमांड टर्मिनलमध्ये इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करा.)

आधी हेडफोन लावून बघा. त्यात गाणं वाजतंय आणि स्पीकर गप्प, म्हणजे ड्रायव्हर बहुतेक ठीक आहे. मग अल्सामिक्सर (आवाजाच्या पट्ट्या दाखवणारा प्रोग्राम) चालवा, एफ६ दाबून साउंड कार्ड निवडा (टीव्ही-मॉनिटरला आवाज देणारं एचडीएमआयचं नको) आणि बाणाच्या कीने स्पीकरच्या पट्टीवर जा. पट्टीखाली एमएम दिसलं तर स्पीकर म्यूट आहे. एम दाबलं की तिथे ओओ येतं. या दोन अक्षरांपायी मी एक अख्खा रविवार घालवलाय, सिस्टिम दोनदा नव्याने टाकून!

तिथेच पुढे ऑटो-म्यूट मोड असतो. हेडफोनची पिन काढली तरी ती आतच आहे असं लॅपटॉपला वाटत राहिलं, तर तो स्पीकर बंदच ठेवतो. हा मोड डिसेबल्ड करा. बदल टिकवायला बाहेर येऊन सुडो अल्साकंट्रोल स्टोअर ही कमांड चालवा. त्यातलं दुसरं नाव अल्सा आणि सीटीएल जोडून लिहायचं.

हेडफोनही मुके आणि सेटिंग्जमध्ये नुसतं ‘डमी आउटपुट’ दिसतंय? मग एप्ले -एल चालवा (ए आणि प्ले जोडून). यादीत कार्ड आहे तर दोष वरच्या थरात, म्हणजे बहुतेक पाइपवायरमध्ये (अॅप्सचा आवाज कार्डापर्यंत पोचवणारा प्रोग्राम). लॉगआउट करून परत आत या, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. यादीच रिकामी असेल तर फर्मवेअरवर (साउंड चिपमध्ये भरावा लागणारा छोटा प्रोग्राम) संशय घ्या. अलीकडच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपना साउंड ओपन फर्मवेअर लागतं. डेबियनवर त्याचं पॅकेज फर्मवेअर-सॉफ-साइन्ड, फेडोरावर अल्सा-सॉफ-फर्मवेअर, आर्चवर सॉफ-फर्मवेअर. डेबियनवर त्यासाठी नॉन-फ्री-फर्मवेअर हा विभाग चालू हवा. तो २०२३ च्या डेबियन १२ पासून वेगळा झाला. पॅकेज टाकल्यावर नुसतं रीस्टार्ट नको, लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू करा.

तरीही शांतताच? एखाद्या ताज्या डिस्ट्रोचा (लिनक्सच्या आवृत्तीचा) लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारा, लावून बघा. त्यावर आवाज आला तर बहुतेक तुमचं कर्नल जुनं पडलंय, अपडेट करा. तिथेही नाही आणि विंडोजमध्येही नाही, तर लॅपटॉप दुरुस्तीला न्या.