जुन्या कोंबड्यांत नव्या तलंगा सोडताना

वय मोजू नका, अंग बघा. गिरिराजा (सुधारित जात) आणि गावठी पिल्लं एकाच दिवशी निघाली तरी दोन महिन्यांत गिरिराजा अंगानं पुढं जाते. जुन्या कोंबडीच्या निदान पाऊणपट झाल्याशिवाय तलंग (अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी) कळपात नको. गावठीला साडेतीन-चार महिने लागतात. एकटी तर कधीच सोडू नये, तीन-चार मिळूनच.

आठवडी बाजारातून आणलेल्या असतील तर आधी तीन आठवडे लांब, वेगळ्या भांड्यांवर ठेवा. रोज आधी जुन्यांचं चारापाणी, मग नव्यांचं. मानमोडीची (राणीखेत रोगाची) आठव्या आठवड्याची लस चुकली असेल तर ती देऊन पुढं दोन आठवडे थांबा.

मग खुराड्याला लागून अर्ध्या इंची जाळीचा कप्पा करा. 8-10 दिवस चारा जाळीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर ठेवायचा. जुन्या कोंबड्या जाळीवर चोच मारायचं सोडून मुकाट्यानं टिपू लागल्या की काम झालं. बेळगावच्या खानापूरकडं हे पावसाळ्यात करू नये. ओल्या तुसात रक्ती हगवण धरते आणि पिल्लं पटापट जातात. करायचंच असेल तर भाताचं कोरडं तूस तीन-चार इंच घालून रोज खालीवर करा.

अंधार पडल्यावर तलंगा दांडीवर बसवा. कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही, म्हणून रात्र शांत जाते. खरी मारामारी उजाडताना, दार बंद असतं तेव्हा होते. म्हणून तांबडं फुटायच्या आधी दार उघडा. दांडीवर पक्ष्यामागं 8 इंच जागा, चारापाणी दोन-तीन ठिकाणी आणि लपायला उभा केलेला एखादा फळा हवा.

खाद्य मात्र सगळ्यांना वाढीचंच. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात चुना (कॅल्शियम) जास्त असतो, त्यानं तलंगांचे मूत्रपिंड बिघडतात. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, ज्यांना लागतो त्या टिपतात.

तीन-चार दिवस पळवापळवी चालणारच. रक्त दिसलं तर जखमी तलंग लगेच बाजूला काढून जांभळं औषध (जेन्शन व्हायोलेट) लावा. लाल दिसलं की बाकीच्याही टोचतात. टोचणारी एकच असेल तर तिलाच तीन दिवस नजरेआड डालग्याखाली ठेवा, परतल्यावर तिचा मान उतरलेला असतो. तरीही खोड गेली नाही, तर पुढच्या पाहुण्यांच्या रश्श्याला ती चालेल.