ऊसतोडीच्या एका कोयत्याचा हिशेब कसा मांडावा

उसाच्या पट्ट्यातील वर्गभेद समजून घ्यायचा असेल, तर बीडकडच्या एखाद्या ऊसतोड कुटुंबासोबत बसून त्यांच्या एका हंगामाचा हिशेब मांडावा. या व्यवहारात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मजुरी जोडीने मोजली जात असल्यामुळे बाईचे श्रम कागदावर दिसत नाहीत. म्हणून तिच्या कामाचे तास, स्वयंपाक-पाण्यासह, वेगळ्या रकान्यात लिहावेत.

पहिल्या पानावर उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, नोंदवावी: रक्कम किती, कोणत्या तारखेला मिळाली, रोख की खात्यावर, आणि तीत मागील हंगामाची बाकी धरली आहे का. मग त्या रकमेचे टन करावेत. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ (सहकारी साखर कारखान्यांचा संघ) आणि कामगार संघटना यांच्यात झालेल्या करारानुसार तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ होऊन मूळ दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. या दराने एक लाखाची उचल फेडण्यासाठी सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागतो. जोडीने दिवसाला दोन टन तोडले असे धरले, तर १३७ दिवस, म्हणजे जवळजवळ सगळा हंगाम.

एवढ्यावर थांबू नये, कारण खरी विषमता काम नसलेल्या दिवसांत असते. पाऊस पडला, गाडी आली नाही, कारखान्याचे गाळप थांबले किंवा बाई आजारी पडली, तर टन पडत नाहीत, पण कोपीवरचा, म्हणजे तात्पुरत्या झोपडीतला, खर्च चालूच राहतो. शिवाय खाडा झाला म्हणून मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, दंडही लावतो. असा प्रत्येक दिवस कारणासह लिहावा आणि समोर नुकसान कोणी सोसले ते नोंदवावे. वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून आलेले पैसे जमेत धरावेत. रोजचा किराणा बहुधा त्यावरच चालतो.

त्यानंतर शेतकऱ्याचा हिशेब शेजारी ठेवावा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार कारखान्याने त्याला १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, मात्र तोडणी-वाहतुकीचा खर्च त्याच्याच बिलातून वजा होतो. त्यामुळे मजुरी वाढली की मजूर आणि लहान शेतकरी एकमेकांसमोर उभे राहतात, आणि कारखाना बाजूला राहतो. (ही सोय कोणाच्या पथ्यावर पडते, हे वेगळे सांगायला नको.)

शेवटी १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा वाचावा. आगाऊ रकमेपोटी किमान वेतन किंवा दुसरीकडे काम करण्याची मोकळीक सोडावी लागत असेल, तर ती वेठबिगारी ठरू शकते, आणि तक्रार जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे करता येते. त्या वेळी तोंडी सांगणे पुरत नाही. म्हणून वजनकाट्याच्या पावत्या, पंधरवड्याची बिले आणि उचलीचा कागद यांचे फोटो हंगाम चालू असतानाच काढून ठेवावेत.