ट्रॅक नाही म्हणून अडू नका: मॅरेथॉनसाठी रस्त्यावरचे इंटरव्हल

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते, त्यासाठी पावसाळ्यात पळायला सुरुवात केलेले बरेच जण ऑक्टोबर आला की एकाच पेसला, म्हणजे एका किलोमीटरला लागणाऱ्या वेळेला, अडकतात. रविवारचा लाँग रन होतोय, आठवड्याचे किलोमीटर भरतायत, पण स्पीड जागचा हलत नाही. मग कुणीतरी सांगतं इंटरव्हल सुरू कर, म्हणजे थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू, असं आलटून पालटून पळ, आणि लगेच पुढचा प्रश्न, ट्रॅक कुठून आणायचा? ट्रॅक लागतच नाही. तुमची रेस रस्त्यावर आहे, इंटरव्हलही रस्त्यावरच करा, फक्त मीटर मोजायचे सोडून मिनिटं मोजा.

याचं कारण असं की तुम्ही जोरात पळायला लागलात की शरीराला ऑक्सिजन वापरण्याच्या कमाल पातळीजवळ पोचायला साधारण दोन मिनिटं लागतात. खरा फायदा त्यानंतरचा. म्हणून ३ ते ५ मिनिटांचे तुकडे करायचे आणि मध्ये तेवढाच किंवा थोडा कमी वेळ हळू जॉग. शरीराला ४ मिनिटं कळतात, ८०० मीटरची रेघ कुठे होती ते त्याला कळत नाही.

आता पेस. इथे सगळ्यात जास्त गडबड होते, कारण इंटरव्हल म्हटलं की लोक जीव तोडून पळतात. समजा तुमचं १० किमी ५५ मिनिटांत होतं, म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं ३० सेकंद, ५:३० चा पेस. तुमचा ५ किमी रेसचा पेस साधारण ५:१५ ते ५:२० निघेल, आणि तोच तुमचा इंटरव्हलचा पेस. ४:३० ने पळायची काही गरज नाही. त्या पेसने पहिले दोन भारी जातील, तिसऱ्याला पाय जड होतील आणि चौथ्याला तुम्ही कमरेवर हात ठेवून उभे असाल. वर्कआउट चांगला झाला की नाही हे शेवटच्या रिपीटवरून, म्हणजे जोरात पळायच्या शेवटच्या तुकड्यावरून ठरतं, तो पहिल्याइतकाच किंवा एक-दोन सेकंद फास्ट जायला हवा आणि संपल्यावर वाटायला हवं की अजून एक जमला असता.

घड्याळाच्या आत्ताच्या पेसकडे सारखं बघू नका. बिल्डिंगांच्या मध्ये, झाडांखाली, फ्लायओव्हरखाली जीपीएस उड्या मारतो, क्षणात ४:५० दाखवतो क्षणात ६:१०, आणि तुम्ही त्याच्या मागे स्पीड वरखाली करत बसता. लॅप पेस लावा, म्हणजे त्या तुकड्याचा सरासरी पेस दिसेल, आणि पहिली ३०-४० सेकंद तर घड्याळ बघूच नका, श्वासावर जा. इझी रनला पूर्ण वाक्य बोलता येतं, इंटरव्हलला एखाद-दोन शब्दच निघायला हवेत, आणि एकही शब्द निघत नसेल तर तुम्ही जास्त जोरात आहात.

रस्ता निवडताना एक-सव्वा किलोमीटरचा सलग पट्टा शोधा ज्यात सिग्नल नाही, स्पीड ब्रेकर नाही आणि मोठा चौक ओलांडायचा नाही. मुंबईत मरीन ड्राइव्हची समुद्राकडची बाजू यासाठी सोन्यासारखी आहे, सपाट आहे आणि नरिमन पॉइंटपासून चौपाटीपर्यंत तुम्हाला कुठे क्रॉसिंग लागत नाही. बाकी शहरांत एमआयडीसीचे आतले रस्ते रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी बघा, रुंद असतात आणि गर्दी नसते. एवढाही पट्टा मिळाला नाही तर ५००-६०० मीटरवर जा-ये करा, फक्त वळताना गोल फिरून वळा, जागच्या जागी गर्रकन फिरलात की गुडघ्यावर येतं. आणि रस्ता कडेला उतरता असतो हे लक्षात ठेवा, अगदी कडेने पळालात तर एकच पाय सतत खाली पडतो आणि दोन-तीन आठवड्यांत त्याच बाजूचा घोटा नाहीतर मांडीची बाहेरची बाजू बोलायला लागते. थोडं आतून पळा, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने, अंधार असेल तर रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, आणि इअरफोन घरी ठेवा, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. थकलेल्या डोक्याला मागून आलेला टेम्पो ऐकू यायला हवा. कुत्रं मागे लागलं तर तो रिपीट तिथेच सोडा आणि चालायला लागा, पळालात की ते आणखी मागे लागतं.

एक सकाळ नीट सांगतो. साडेपाचला सुरू. आधी १५-२० मिनिटं एकदम हळू, इतकं हळू की लाज वाटेल, मग पाय पुढे-मागे आणि आडवे झुलवायचे, आणि मग २० सेकंदांचे चार स्ट्राइड्स, म्हणजे हळूहळू स्पीड वाढवत मोकळेपणाने पळणं, मध्ये मिनिटभर चालणं. हे स्ट्राइड्स गाळू नका, पोटऱ्यांना कळायला हवं की आता काय येतंय. मग ३ मिनिटं जोरात, २ ते ३ मिनिटं जॉग, असे पाच. जॉग म्हणजे खरंच जॉग, थांबायचं नाही, पाय हलते ठेवले की जोरात पळताना रक्तात साठलेलं लॅक्टेट लवकर निघतं. अगदीच दम लागला तर पहिली ३० सेकंद चाला. शेवटी १० मिनिटं हळू आणि घरी. घड्याळात वर्कआउट आधीच भरून ठेवलात तर ते व्हायब्रेट होऊन सांगतं, डोक्यात काही मोजावं लागत नाही.

पहिल्यांदाच करत असाल तर थेट यावर येऊ नका, दोन आठवडे १ मिनिट जोरात १ मिनिट हळू असे आठ-दहा करा. मग ३ मिनिटांचे, मग ४ मिनिटांचे, मग एक-एक किलोमीटरचे चार. रेस सहा-सात आठवड्यांवर आली की तुकडे लांब करा आणि पेस कमी करा, २-२ किमी हाफ मॅरेथॉनच्या पेसने, ३-३ किमी मॅरेथॉनच्या पेसने. आणि मुंबई करणार असाल तर एक-दोन आठवडे सपाट इंटरव्हलच्या जागी चढ घ्या, ६० ते ९० सेकंद वर, चालत खाली, सहा ते आठ वेळा, कारण फुल मॅरेथॉनला पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेत येतो, पाय संपलेले असताना.

किती करायचे? अमेरिकन कोच जॅक डॅनियल्स यांचा हिशोब मला सगळ्यात पटतो, इंटरव्हलच्या पेसचं पळणं आठवड्याच्या एकूण किलोमीटरच्या ८ टक्क्यांच्या आत. म्हणजे आठवड्याला ४० किमी पळणाऱ्याला जेमतेम ३.२ किमी, ८०० मीटरचे चार झाले की संपलं. १० वेळा ८०० मीटरचा, बार्ट यासो या अमेरिकन धावपटूच्या नावाने प्रसिद्ध असलेला यासो वर्कआउट ३५-४० किमीवाल्यांनी करूच नये, पोटरी किंवा अकिलिस (टाचेमागची शीर) धरते. आठवड्यातून एकदाच, लाँग रनपासून दोन दिवस लांब, म्हणजे रविवारी लाँग रन असेल तर बुधवार उत्तम.

ऑक्टोबर हीटमध्ये आणि दमट हवेत पेस किलोमीटरमागे १०-१५ सेकंद सोडून द्या, मेहनत तेवढीच होते. पाऊस असेल तर झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे आणि गटाराची झाकणं टाळा, दोन्ही भयंकर निसरडी होतात. आणि पोटरीत टोचल्यासारखं झालं तर उरलेले रिपीट सोडून हळूहळू चालत घरी या, पुढचा बुधवार आहेच.

शेवटचा खरा इंटरव्हल रेसच्या १० दिवस आधी. रेसच्या आठवड्यात फक्त इझी रनच्या मध्ये मिनिटभराचे चार, मॅरेथॉनच्या पेसपेक्षा थोडेसेच फास्ट, आणि मग शनिवारी बिब (छातीवर लावायचा रेसचा नंबर) घ्यायला गेलात तरी तो जिथे मिळतो त्या एक्स्पोमध्ये तीन-चार तास उभे राहू नका.