कीबोर्डवर भागवायचं का वादक बोलवायचा? कार्यक्रम किंवा रेकॉर्डिंग ठरवताना कसं बघायचं

गणपती जवळ आले की फोन सुरू होतात, दादा बजेट कमी हाय, ढोलकी पॅडवरच (इलेक्ट्रॉनिक) घेऊया, बासरी तर कीबोर्डवर निघतीयच की. मी बरीच वर्षं कोल्हापुरात कीबोर्ड वाजवतोय आणि घरी रेकॉर्डिंग पण करतो, त्यामुळं हा प्रश्न दर महिन्याला माझ्यासमोर येतोच. त्याचं हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देता येत नाही, प्रत्येक गाण्यात प्रत्येक वाद्याला वेगळं उत्तर येतंय. ते कसं काढायचं ते सांगतो.

आधी गाणं दोन-तीनदा नीट ऐका आणि कागदावर लिहा की कुठलं वाद्य कुणाकडं बघून वाजतंय. तानपुरा कुणाकडंच बघत नाही, तो आपला लावला की चालू. मागं भरून राहिलेल्या स्ट्रिंग्ज, म्हणजे व्हायोलिनच्या ताफ्याचा आवाज, पण तशाच. पण ढोलकी नाचणारीच्या पायाकडं बघती, सारंगी किंवा हार्मोनियम गाणाऱ्याच्या श्वासाकडं बघतंय, आणि खासबाग मैदानात कुस्ती लागली की हलगीवाला पैलवानांच्या पकडीकडं बघत बघत लय चढवत नेतो. जे वाद्य बघतंय ते माणसाच्याच हातात ठेवा, जे बघत नाही ते मशीनवर खुशाल घ्या. माझा सगळा हिशोब एवढ्यावरच आहे.

हे मी चुकून शिकलो. कागलकडच्या एका गावात लावणीचा कार्यक्रम होता, ढोलकीवाला ऐनवेळी आला नाही, मी पॅडवर लूप, म्हणजे तोच ठेका परत परत वाजवणारं रेकॉर्डिंग, लावला. लूप चांगला होता, आवाज पण दणदणीत होता, पण तिसऱ्या लावणीत बाईंनी समोरच्यांची दाद बघून तोडा एका आवर्तनानं (तालाच्या एका फेरीनं) वाढवला आणि माझा लूप ठरल्याप्रमाणं उठावावर निघून गेला. त्यांचा पाय हवेत राहिला आणि त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. खरी ढोलकी असती तर वादकानं तो तोडा पायाच्या आधी ओळखला असता. त्या दिवसापासून लावणीला लूप घेत नाही, मग कार्यक्रम हातचा गेला तरी चालेल.

आता तानपुरा. रियाजाला, भजनाला, शाळेच्या कार्यक्रमाला इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा मोबाईलवरचं ॲप चालतंय, त्यात कमीपणा काही नाही. फक्त स्पीकर गाणाऱ्याच्या तोंडासमोर ठेवू नका, मागं थोडा बाजूला ठेवा आणि आवाज इतकाच ठेवा की गाणं थांबलं तरच तो आहे हे कळेल. पण ख्यालाची बैठक असेल किंवा जपून ठेवायचं रेकॉर्डिंग असेल तर खरा तानपुरा आणाच. मिरज आपल्यापासून पन्नास किलोमीटरवर, तिथल्या सतार-तानपुऱ्यांना 2024 साली जीआय (त्या गावची खास वस्तू म्हणून) मानांकन मिळालंय, आणि ख्यालगायक अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात गायले त्या गावात आपण राहतोय, एवढं तर करूया. फरक कुठं पडतो तर मशीनमध्ये एकच छेड पुन्हापुन्हा येते. खऱ्या तानपुऱ्यात जवारीचा (तारेखाली घोडीवर असतो तो) दोरा केसभर सरकवला की आवाज उघडतो, आणि एक तार छेडली की बाकीच्या तारा पण तिच्याबरोबर थरथरतात. जोडाच्या (मधल्या दोन, सा च्या) तारा चांगल्या मिळाल्या की कुणीही न वाजवलेला गंधार खर्जाच्या जाड तारेतनं ऐकू यायला लागतो, तो एकदा ऐकला की मशीन लगेच ओळखू येतंय.

कीबोर्डवर सूर वाजवणार असाल तर हे नीट वाचा, कारण इथं बहुतेक जण फसतात. कीबोर्डचे बारा सूर सारख्या अंतरावर बसवलेले असतात, त्यामुळं त्याचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातनं येणाऱ्या गंधारापेक्षा 14 सेंट चढा असतो. सेंट म्हणजे एका अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. सिनेमाच्या गाण्यात हे कुणाला कळत नाही, पण तानपुऱ्यावर भूप राग गाणाऱ्याच्या मागं लगेच टोचतंय. बऱ्याच कीबोर्डमध्ये स्केल ट्यून नावाचा मेनू असतो, त्यात जाऊन गंधार 14 नं आणि धैवत 16 नं खाली घ्या. गाणारा काळी एकमध्ये असेल, म्हणजे पहिली काळी पट्टी त्याचा सा असेल, तर गंधार पांढरी चारवर येतो आणि धैवत काळी पाचवर, म्हणजे बदल त्या पट्ट्यांना करायचा. पुढच्या गाण्याला गाणाऱ्याची पट्टी, म्हणजे सा, बदलली की हे सगळं परत करावं लागतं, विसरलात तर दुसराच सूर बेसूर होऊन बसेल, म्हणून मी प्रत्येक पट्टीचं सेटिंग आधीच सेव्ह करून ठेवतो.

बासरी, शहनाई, सारंगी यांचं सोलो कीबोर्डवर शक्यतो नकोच. अगदीच अडलं तर जी ओळ वाजवायची ती आधी तोंडानं गा, जिथं श्वास घ्यावा लागतो तिथं बोट उचला, आणि मींड, म्हणजे एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत जाणं, पट्ट्यांवरनं न घेता पिच बेंडच्या चाकानं घ्या. चाकाची रेंज सहसा दोन अर्ध्या सुरांची असते ती वाढवून पाच करा, म्हणजे सा ते मध्यम एका ओढीत जाता येतं. तरी लांब सूर धरला की लबाडी उघडी पडते, म्हणून ओळी छोट्या ठेवा.

तालाला सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड करून ठेवलेले सुटे ठोके, वापरताना दोन गोष्टी. एक म्हणजे प्रत्येक ठोक्याची व्हेलॉसिटी, म्हणजे ठोका किती जोरात, ती 1 ते 127 असते, सगळे ठोके 100 वर ठेवले तर टाइपरायटर ऐकल्यासारखं वाटतंय, समेचा (आवर्तनाचा पहिला) ठोका जोरात आणि मधले हलके असे हातानंच वाजवून घ्या, माउसनं पेरू नका. दुसरं म्हणजे खरा वादक बरोबर बसला असेल तर कॉम्प्युटरचा बफर, म्हणजे आवाज बाहेर काढायच्या आधी तो किती साठवून धरतो ते, बघा. 44.1 किलोहर्ट्झला (आवाजाचे सेकंदाला 44,100 तुकडे, इथं त्या तुकड्यालाच सॅम्पल म्हणतात) 1024 सॅम्पलचा बफर म्हणजे 23 मिलिसेकंद उशीर, ढोलकीवाला आठ मीटर लांब बसून वाजवल्यासारखं होतंय आणि बिचारा सारखा मागं पडतो. 128 किंवा 256 वर आणा, मग जमतंय.

पैसे एकाच वादकापुरते असतील तर मी न विचारता ढोलकी घेतो आणि बाकी सगळं कीबोर्डवर उचलतो. डाव्या पुडीवर तळहात दाबून सरकवल्यावर जो घुमारा निघतो तो प्रत्येक वेळी वेगळ्या उंचीला जातो, तो सॅम्पलमधनं अजून मला तरी मिळाला नाही.

हलगीचं मात्र एक लक्षात ठेवा. स्टेजवर ती माणसानंच वाजवायची, पण घरच्या रेकॉर्डिंगला वादक रोज मिळत नाही म्हणून एकदा बोलवून तुमचं स्वतःचं सॅम्पल करून घ्या. बंद खोलीत नको, गच्चीवर किंवा रानात करा, खोलीत भिंतीचा आवाज चिकटतो आणि नंतर निघत नाही. कातड्याची हलगी असेल तर वादकाला ती शेकायला वेळ द्या, पावसाळ्यात तर दर पंधरा-वीस मिनिटांनी परत शेकावी लागते, आणि शेकल्यावरचा पहिल्या पाच मिनिटांचा कडक आवाज सगळ्यात चांगला मिळतो तो घ्या. माईक दीड मीटर लांब, थोडा तिरका. हलगीच्या जोडीला वाजणारं घुमकं आणि कैताळ पण त्याच दिवशी घ्या, पण वेगवेगळे. आणि वादकाला आधीच स्पष्ट सांगा की हा आवाज मी पुढं पण वापरणार आहे, आणि त्याचे पैसे त्या दिवसाच्या बिदागीपेक्षा वेगळे द्या.