मॉडबस लाईनची सेटिंग करताना या चुका टाळा

आरएस-४८५ च्या दोन तारांवर वीस एनर्जी मीटर आणि एक गेटवे (मीटरांना प्रश्न विचारून रीडिंग गोळा करणारं उपकरण) यांना बोलतं करणं हे अवघड काम नाही. मॉडबस, म्हणजे ही उपकरणं ज्या नियमांनी बोलतात ते, १९७९ सालचं; आरएस-४८५, म्हणजे तारांवरच्या विजेच्या सिग्नलचं मानक, १९८३ सालचं. यात नव्याने शोधून काढायचं असं काही उरलेलं नाही. तरी कारखान्याच्या पॅनलरूममध्ये शिरलं की तेच दिसतं: पॅनलचं दार उघडं, स्टुलावर लॅपटॉप, स्क्रीनभर टाइमआउटच्या (ठरल्या वेळेत उत्तर आलं नाही) ओळी आणि समोर बसलेला मुलगा एकामागून एक बॉड रेट (बिट पाठवण्याचा वेग) बदलून बघतोय. लाईनची सेटिंग आधी कागदावर लागते आणि मग मीटरमध्ये, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून हे लिहितोय.

‘९६००, नन, ८, १ टाक, चालतं’

सगळ्यात जास्त वेळ खाणारा सल्ला हाच: बॉड ९६००, पॅरिटी नाही, डेटा बिट आठ, स्टॉप बिट एक. पॅरिटी म्हणजे चूक पकडायला जोडलेला जादा बिट. मॉडबसच्या सीरियल लाईनच्या मानकात मूळ पॅरिटी ‘इव्हन’ आहे, म्हणजे या बिटासकट १ ची संख्या सम. पॅरिटी नको असेल तर दोन स्टॉप बिट (अक्षराचा शेवट दाखवणारे) घ्यायचे, म्हणजे दोन्हीकडून एक अक्षर अकरा बिटांचंच राहतं. प्रत्यक्षात मात्र बाजारातली कितीतरी उपकरणं ‘पॅरिटी नाही, स्टॉप बिट एक’ अशी डब्यातून निघतात, काही इव्हनवर निघतात, काही ९६०० ऐवजी १९२०० वर. एका पॅनलमध्ये तीन कंपन्यांचे मीटर आणि दोन ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारी उपकरणं) असले की या सगळ्या तऱ्हा एकाच तारेवर येऊन बसतात.

स्टॉप बिटांचा फरक बरेचदा लक्षातच येत नाही, कारण बहुतेक चिप पहिला स्टॉप बिट तेवढा तपासतात. पॅरिटीचा फरक जास्त फसवा. समजा, गेटवे पॅरिटीशिवाय दोन स्टॉप बिट पाठवतोय आणि मीटर इव्हनवर आहे. मीटर पहिल्या स्टॉप बिटालाच पॅरिटी बिट समजतो. स्टॉप बिट कायम १ असतो, त्यामुळे ज्या बाइटमध्ये १ ची संख्या विषम तो बाइट बरोबर ठरतो आणि सम असलेला चुकीचा. आठ बाइटांच्या प्रश्नात एखादा तरी सम निघतोच. मीटर सगळी फ्रेम, म्हणजे सगळा संदेश, टाकून देतो आणि गप्प बसतो, कारण बिघडलेल्या फ्रेमला उत्तर द्यायचं नाही असाच मॉडबसचा नियम आहे. तार तुटली तरी टाइमआउट, पॅरिटी चुकली तरी टाइमआउट, पत्ता चुकला तरी टाइमआउट. इथे घायकुतीला आलेला माणूस तिन्ही गोष्टी एकदम बदलतो. त्यातली एक जागेवर येते, दुसरी जागेवरून जाते, आणि आपण बरोबर उत्तराच्या शेजारून गेलो हे त्याला कधीच कळत नाही.

माझी पद्धत जुनी आहे आणि मी ती सोडणार नाही. एक कोरा कागद घ्यायचा. त्यावर प्रत्येक उपकरणाचा पत्ता, बॉड, पॅरिटी, स्टॉप बिट, टर्मिनेशन (लाईनच्या टोकाला लावायचा रोध) चालू की बंद, आणि ते कोणत्या पॅनलमध्ये आहे, हे लिहायचं. मीटरची सेटिंग मॅन्युअलमधून उतरवायची नाही, मीटरच्या मेनूत शिरून डोळ्यांनी वाचायची. आपल्या आधी कोणी हात लावला असेल हे मॅन्युअलला ठाऊक नसतं. नवं उपकरण पॅनलमध्ये जाण्याआधी टेबलावर एकट्याने कन्व्हर्टरला (लॅपटॉप आणि आरएस-४८५ लाईन यांना जोडणारा) जोडायचं, सेटिंग टाकायची, वीज बंद करून पुन्हा चालू करायची आणि मग वाचून बघायचं. बंद-चालू करणं विसरू नका. बऱ्याच उपकरणांत नवा बॉड रेट डिस्प्लेवर लगेच दिसतो, पण लागू होतो तो रीस्टार्टनंतरच. शेवटी पत्त्याचा स्टिकर मीटरच्या तोंडावर. भरलेला कागद पॅनलच्या दाराला आतून चिकटवून टाकतो, म्हणजे पुढच्या माणसाला मला फोन करावा लागत नाही.

नव्या मुलांना हे वेळखाऊ वाटतं. वीस मीटर टेबलावर करायला अर्धा दिवस जातो, हे खरं. पण तेच वीस मीटर पॅनलमध्ये बसवून, वरच्या ट्रेमधून केबल ओढून झाल्यावर शोधत बसायला किती वेळ लागतो, याचा हिशेब ती मुलं करत नाहीत.

लाईन काय सांगते ते वाचा

काहीच उत्तर न येणं, सीआरसी एरर येणं (उत्तर आलं, पण त्यातला तपासणीचा आकडा जुळला नाही) आणि एक्सेप्शन येणं (मीटरने दिलेलं नकाराचं उत्तर) ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत. सॉफ्टवेअर तिन्ही लाल रंगात दाखवतं म्हणून लोक तिन्हींना एकच औषध देतात. ‘एक्सेप्शन ०२’ आलं असेल तर तुमची लाईन ठणठणीत आहे: प्रश्न पोचला, मीटरला कळला, त्याने तपासून ‘हा रजिस्टर माझ्याकडे नाही’ असं व्यवस्थित उत्तर दिलं. अशा वेळी बॉड रेटला हात लावणाऱ्याचा मला मनापासून राग येतो. तिथे रजिस्टरचा, म्हणजे मीटरमधल्या आकड्याच्या कप्प्याचा, नंबर बघायचा. मॅन्युअलमध्ये ४०००१ लिहिलेला रजिस्टर तारेवर ० असतो; बहुतेक वेळा त्यातलाच एकाचा फरक निघतो.

एकच पत्ता दोघांना

ही माझ्या रागाची दुसरी जागा, आणि हिच्यासाठी एक प्रसंग सांगायलाच हवा.

एका कारखान्यात मुख्य इनकमरच्या (कारखान्यात येणाऱ्या सगळ्या विजेच्या) मीटरचं रीडिंग मध्येच कोसळायचं. नऊशे किलोवॉट, नऊशे दहा, मग दोन-तीन सीआरसी एरर, मग एकदम चाळीस, पुन्हा नऊशे. कमाल मागणीचा अलार्म याच रीडिंगवर लावलेला, त्यामुळे ओरड मोठी होती. आम्ही पोचलो तेव्हा लाईनवर बरेच उपचार होऊन गेले होते. गेटवे बदलला होता. नवी शील्डेड केबल ओढली होती. कुणाच्या तरी सांगण्यावरून तीन ठिकाणी टर्मिनेशन टाकलं होतं. प्रत्येक मीटरच्या मेनूत जाऊन बॉड रेट ४८०० वर आणला होता. टाइमआउट पाच सेकंद केला होता. यातली एकही गोष्ट पूर्ववत केलेली नव्हती, म्हणजे मूळच्या एका दुखण्यावर नवी दुखणी चढली होती.

मी पाळीवरच्या काकांना एवढंच विचारलं, की हे कधीपासून होतंय. ते म्हणाले, ‘शटडाउननंतर.’ शटडाउनमध्ये काय केलं? कॅपॅसिटर बदलले, बसबार घट्ट केले, आणि हो, कॉम्प्रेसरच्या फीडरचा (त्याला वीज पुरवणाऱ्या लाईनचा) मीटर जळला होता, तो नवा बसवला. त्या फीडरचं रीडिंग तेव्हापासून येत नव्हतं, पण ‘नवा मीटर आहे, कंपनीचा माणूस येऊन सेटिंग करेल’ म्हणून ते सगळ्यांनी बाजूला ठेवलं होतं.

मी इनकमर मीटरचा कम्युनिकेशनचा कनेक्टर काढून हातात घेतला आणि लॅपटॉपवरून पत्ता १ ला प्रश्न विचारला. पत्ता १ म्हणजे इनकमर. उत्तर आलं, चाळीस किलोवॉट. काका म्हणाले, ‘अहो साहेब, मीटर तर सुट्टा आहे, मग बोललं कोण?’

बोलला होता कॉम्प्रेसरचा नवा मीटर. तो डब्यातून पत्ता १ घेऊनच निघाला होता. सीटी (करंट मोजायचा ट्रान्सफॉर्मर) जोडली, व्होल्टेज दिलं, डिस्प्लेवर आकडे आले, म्हणून काम झालं असं समजून कोणी त्याचा पत्ता बघितलाच नाही. आता प्रश्न आला की दोघंही उत्तर द्यायचे. उत्तरं एकमेकांवर आदळली की सीआरसी एरर. पण नवा मीटर चपळ होता. ९६०० वर दोन रजिस्टरांचं उत्तर नऊ बाइटांचं, म्हणजे जेमतेम दहा मिलिसेकंदांचं. जुना मीटर तोंड उघडण्याआधी नव्याचं बोलून झालं, की गेटवेला तो आकडा अगदी खरा वाटायचा. पत्ता बरोबर, सीआरसी बरोबर, फक्त माणूस दुसरा. बॉड रेट अर्ध्यावर आणून उत्तर दुप्पट लांबलं आणि टक्कर आणखी वाढली.

हे तपासायला ऑसिलोस्कोप लागत नाही. संशय असलेल्या पत्त्याचा मालक लाईनवरून काढा आणि त्याच पत्त्याला हाक मारा. शांतता असली पाहिजे. कोणाचा संशय आहे हेच कळत नसेल तर लाईन मधोमध तोडा, अर्धी तपासा, मग तिच्यातली अर्धी.

माझी सवय अशी, की पत्ता १ मी कोणालाच देत नाही. उपकरणं ११ पासून सुरू करतो. वापरायला १ ते २४७ इतके पत्ते आहेत, कंजूषी करायचं कारण नाही. १ रिकामा असला की कोणी नवा मीटर न विचारता जोडला तरी तो दुसऱ्याच्या आवाजात बोलत नाही, आणि १ ला हाक मारून तो लगेच सापडतो.

टाइमआउट वाढवणं हा उपाय नव्हे

पन्नास रजिस्टर मागितले तर प्रश्न आठ बाइटांचा, उत्तर एकशे पाच बाइटांचं. ९६०० वर एका बाइटला साधारण १.१५ मिलिसेकंद, म्हणजे सगळा संवाद १३० मिलिसेकंदांत संपतो. त्यात मीटरचा विचार करायचा वेळ आणि दोन फ्रेममधली साडेतीन अक्षरांची, म्हणजे सुमारे चार मिलिसेकंदांची शांतता धरली तरी वीस मीटरची फेरी चार-पाच सेकंदांत होते. एनर्जी मीटरसाठी हे भरपूर आहे. म्हणून ‘स्लो आहे, ३८४०० करू या’ म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.

फेरी खरोखर लांबते ती बंद पडलेल्या मीटरमुळे. टाइमआउट एक सेकंद आणि प्रयत्न तीन असले तर एक मेलेला मीटर प्रत्येक फेरीत तीन सेकंद खातो. कोणी टाइमआउट पाच सेकंद केला असेल तर तोच मीटर पंधरा सेकंद खातो, आणि एकोणीस चांगले मीटर त्याच्यासाठी खोळंबतात. मग स्क्रीनवरचे सगळेच आकडे शिळे होतात आणि ‘लाईन हळू आहे’ अशी तक्रार येते. जे उपकरण शंभर-दोनशे मिलिसेकंदांत उत्तर देतं, ते चुकलं तर पाच सेकंदांनीही देणार नाही. टाइमआउट पाचशे मिलिसेकंद ते एक सेकंद ठेवा, प्रयत्न दोन, आणि बंद उपकरणाला काही वेळ यादीतून बाजूला ठेवायची सोय गेटवेत असेल तर ती वापरा.

टर्मिनेशन आणि बायस

काहीही बिघडलं की पहिला आरोप टर्मिनेशनवर होतो. ९६०० वर एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा असतो. पन्नास मीटर केबलवरचं परावर्तन त्याच्या कितीतरी आधी विरून जातं. इतक्या छोट्या, हळू लाईनवर टर्मिनेशन नाही म्हणून संवाद बंद पडला, हे निदान मला सहसा पटत नाही. उलट जास्तीची टर्मिनेशन त्रास देतात, कारण काही मीटरमध्ये १२० ओमचा स्विच आधीपासूनच चालू असतो आणि तो लाईनच्या मध्यावर बसलेला असतो. सगळं बंद करून दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावा. साधे रोध असतील तर ६० ओमच्या आसपास म्हणजे दोन टोकांना दोन, सगळं ठीक. ४० आलं तर तिसरा कुठेतरी लपलाय. १२० म्हणजे एकच आहे.

टर्मिनेशन टाकलं आणि बायस (लाईन शांत असताना दोन तारांमध्ये ठराविक फरक धरून ठेवणारे रोध) विसरलं, ही मात्र खरी चूक. कोणीच बोलत नसताना दोन तारांमधला फरक शून्याजवळ येतो, आणि आरएस-४८५ च्या रिसीव्हरला खात्रीने समजायला २०० मिलिव्होल्ट लागतात. मग शांत लाईनवर भुताटकीचे बाइट दिसू लागतात आणि खऱ्या उत्तराचा पहिला बाइट बिघडतो. बायस एकाच ठिकाणी द्या, शक्यतो गेटवेपाशी.

थोडक्यात काही

ए आणि बी ही अक्षरं बघून तारा जोडू नका. एका कंपनीचा ए दुसऱ्याचा बी असतो. प्लस-मायनसची खूण बघा, आणि तीही नसेल तर एकदा उलटं जोडून बघा, त्याने काही जळत नाही.

तिसरी, कॉमनची तार टाका. ‘दोन तारांची लाईन आहे’ म्हणून ती वगळू नका. ‑७ ते +१२ व्होल्टच्या बाहेर दोन पॅनलमधला फरक गेला की चिप ऐकेनाशी होते, कधी मरतेही.

लाईन एका मीटरवरून पुढच्या मीटरवर अशीच न्या. जंक्शन बॉक्समधून चारी दिशांना फाटे काढू नका.

ड्राइव्हच्या मोटर केबलसोबत एकाच ट्रेमध्ये ही केबल टाकू नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

उत्तराचा पहिला बाइट दर वेळी गहाळ होत असेल, तर मीटर फार लवकर बोलतोय आणि कन्व्हर्टरने अजून लाईन सोडलेली नाही. मीटरच्या मेनूत ‘रिस्पॉन्स डिले’ नावाची सेटिंग असेल, तिथे पाच-दहा मिलिसेकंद टाका. नसेल तर कन्व्हर्टर बदला, आणि या वेळी सगळ्यात स्वस्त उचलू नका.