जुन्या अरेंजर कीबोर्डची आणि त्याच्या पुस्तिकेची ओळख

नाशिकच्या एखाद्या वाद्यवृंदातून निवृत्त झालेला, कोर्गच्या १९९३ सालच्या ‘आय-३’सारखा अरेंजर कीबोर्ड, म्हणजे डाव्या हाताच्या स्वरांवरून ताल आणि साथ आपोआप वाजवणारा कीबोर्ड, हाती आला, तर आधी त्याच्या मागची पाटी वाचावी, कारण जपानी बाजारासाठी बनवलेला नग १०० व्होल्टचा असू शकतो आणि आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला तो थेट जोडला तर जळतो. बाहेरचा अडॅप्टर असल्यास व्होल्टेजबरोबर पिनेची धन-ऋण बाजूही जुळवून घ्यावी.

पुस्तिका पहिल्या पानापासून वाचत बसू नये. पॅनेलच्या आकृतीचे पान उघडून, कीबोर्ड बंद असतानाच, प्रत्येक बटणाचे नाव आणि जागा ताडून पाहावी. त्यानंतर फॅक्टरी रीसेटचे (कीबोर्ड मूळ स्थितीत आणण्याचे) पान शोधून तिथे खूण घालावी, पण रीसेट लगेच करू नये, कारण आधीच्या वादकाने साठवलेल्या स्टाइल्स (ताल आणि साथीचे नमुने) त्यात पुसल्या जाऊ शकतात. त्या आधी फ्लॉपीवर उतरवाव्यात आणि ड्राइव्हला ७२० केबीची फ्लॉपी लागते की १.४४ एमबीची, हेही पुस्तिकेतच पाहावे.

आता एकच स्टाइल निवडून सिंक स्टार्ट (पट्टी दाबताच ताल सुरू करणारे बटण) लावावा आणि स्प्लिट पॉइंटच्या, म्हणजे साथीचा डावा भाग जिथे संपतो त्या पट्टीच्या, डावीकडे कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) धरावी. पट्टी दाबताक्षणी ताल सुरू होतो. इंट्रो (सुरुवात), व्हेरिएशन (तालाचा बदल), फिल-इन (मधली भर) आणि एंडिंग (शेवट) ही बटणे गाणे चालू असताना न पाहता सापडेपर्यंत दुसऱ्या स्टाइलकडे वळू नये. पुस्तिकेची खरी गरज लागते ती एका बोटाच्या कॉर्डला: यामाहाच्या पद्धतीत मूळ स्वरासोबत त्याच्या डावीकडची काळी पट्टी दाबली की मायनर कॉर्ड मिळते, तर कॅसिओच्या पद्धतीत उजवीकडची कोणतीही एक पट्टी पुरते. एका कंपनीचा हात दुसऱ्या कंपनीच्या कीबोर्डवर हमखास चुकतो, मग वाद्याला उगाच बोल लागतो.

भावगीतांची साथ करायची असल्यास दादऱ्यासाठी ६/८ किंवा ३/४ ची स्टाइल धरावी. गायकाने ‘काळी दोन’ (सप्तकातली दुसरी काळी पट्टी) हा सूर सांगितला आणि आपला हात पांढरी एकमध्येच (पहिल्या पांढऱ्या पट्टीच्या सुरात) बसलेला असेल, तर ट्रान्सपोज (सगळे सूर वर-खाली सरकवणारी सोय) अधिक तीनवर ठेवावा. कार्यक्रम संपल्यावर मात्र तो शून्यावर आणायला विसरू नये.

शेवटच्या पानांवरील मिडी (वाद्य आणि संगणक यांच्यातल्या संदेशांची पद्धत) तक्ता संगणक जोडेपर्यंत बाजूला ठेवला तरी चालेल.