टँडमवरचे पहिले दिवस: अंतर कमी, हाका जास्त

नागपूरहून परदेशात टँडम सायकलवर, म्हणजे दोघांनी पुढे-मागे बसून चालवायच्या सायकलवर, फिरायला निघालात, तर पहिले दोन-तीन दिवस ३०-४० किलोमीटरच्या वर आखूच नका. वाट सपाट निवडा. जर्मनीतल्या पासाउहून व्हिएन्नाकडे जाणारा डॅन्यूबकाठचा सायकलमार्ग यासाठी झकास. भाड्याची टँडम मात्र आधीच सांगून ठेवा.

खरी गंमत हाकांची. हँडल आणि ब्रेक पुढच्याच्या हातात, मागच्याला दिसते ती फक्त पुढच्याची पाठ. त्यात दोघांचे पेडल साखळीने जोडलेले. एकाने पाय अचानक थांबवला की दुसऱ्याला हिसका बसतो. म्हणून ‘गिअर’, ‘खड्डा’, ‘थांबतोय’ हे आधी ओरडायचं, मग करायचं. टँडम मिळाली तर नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या चढावर भल्या सकाळी सराव करून घ्या. निघताना पुढच्याने ब्रेक दाबून, दोन्ही पाय टेकून सायकल धरायची. मागच्याने आधी बसायचं. आणि राजेहो, पुढे नवऱ्यानेच बसावं असा काही नियम नाही, हात पक्का असेल त्याने बसावं!

तिकडे वाहतूक उजवीकडून. रिकाम्या रस्त्यावर वळलं की आपण सवयीने डावीकडे जातो. प्रत्येक वळणानंतर ‘उजवीकडे’ म्हणायचं काम मागच्याला द्या.

उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका, दोघांच्या वजनाने रिम तापते. अधूनमधून सोडा. आणि तासाभराने उतराच. खड्डे न दिसल्याने मागच्याचं बूड आधी दुखतं.